येऊ का, माय?

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी "असं कुठं असतं का" म्हणत माझं डोकं खायला नको.

विश्वास बसत नसेल तर इथंच थांबा. माझा आग्रह नाही.

ज्या दोघींच्या तोंडून मी ही ऐकली, त्या उगीच तिखटमीठ लावून सांगणाऱ्या बायका नव्हत्या. एक माझी आई, सगुणाबाई. दुसरी तिची थोरली बहीण सरजाबाई, म्हणजे माझी मावशी. घडलं ते मावशीच्या घरात. आणि भुतं रात्रीच येतात असं तुमच्या डोक्यात असेल, तर ते आधी काढून टाका.

हे आलं ते भर दुपारी.

साल एकोणीसशे पंचाहत्तर. उन्हाळ्याचे दिवस. परभणीजवळचं पेडगाव. रुळांपासून हाकेच्या अंतरावर बौद्धवाडा आणि त्यातलं अगदी शेवटचं घर सरजाबाईचं. दारात लिंबाचं झाड, झाडाला बांधलेली शेळी, मागं मोकळं रान. तिचा नवरा नागनाथ रेल्वेत गँगमन होता. सकाळी हातोडा खांद्यावर टाकून निघायचा, तो दिवस मावळताना घरी यायचा.

नागनाथचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात घरातले सगळे देव फडक्यात बांधून नदीत सोडून आला. त्यानंतर त्या घरात अंगारा नाही, लिंबू नाही, नवस नाही. कोणी भुताचं नाव काढलं की म्हणायचा, ते तुमच्यात असंल, आमच्यात न्हाई. वाड्यातले लोक त्याच्या माघारी हसायचे, पण तोंडावर कोणी बोलत नसे.

या दोघांची एकुलती एक लेक सत्यशीला. नाव बापानंच हौसेनं ठेवलेलं. सातवीपर्यंत शिकवली आणि झरीच्या रंगनाथला दिली. पोरगा गुणाचा होता. वर्षभरात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मुलगी झाली. बाळंतपण नीट झालं. चतुराबाई सुईणीनं पेढे मागितले, नागनाथनं गूळ वाटला, आणि सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

मग सत्यशीलाला ताप आला.

थंडी वाजून, दात कडकड वाजवत आला. काढे झाले, शेक झाला, ताप हटेना. तिला गाडीत घालून नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. नागनाथ लांब लाईनीवर कामाला गेलेला. मग सरजाबाईच सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला निघाली, डॉक्टरला विचारून औषध आणायला. चतुराबाईला लेकीजवळ बसवलं. सत्यशीला झोपली होती म्हणून तिला उठवलं नाही.

परतीची गाडी उशिरा आली. सरजाबाई गोळ्यांची पुडी मुठीत धरून घरी पोचली, तेव्हा दारात माणसं जमलेली होती.

पोर दुपारीच गेली होती.

"दुपारभर माय माय करायली होती," चतुराबाई म्हणाली. "माय कुठं गेली, इतकंच इचारायली होती."

झालं. ते एक वाक्य सरजाबाईच्या काळजात रुतलं, ते कायमचं. लेक गेली याचं दुःख तर होतंच. पण तिला वाटलं असेल की आई आपल्याला टाकून गेली, हे तिला सहन होईना. तिला एकदाच, फक्त एकदा लेकीला सांगायचं होतं, की बाई, मी तुझ्यासाठीच गेले होते गं.

बाळंतीण गेली की गावात काय काय करतात ते तुम्हाला ठाऊक असेल. वाटेवर मोहरी टाकतात, उंबऱ्यात खिळे ठोकतात, तिनं लेकराच्या ओढीनं परत येऊ नये म्हणून. शेजारच्या बाया मोहरी घेऊन आल्या, तर नागनाथनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. माझ्या लेकीच्या वाटेवर कोणी काही टाकायचं नाही, म्हणाला. मग भिंतीकडं तोंड करून रडला.

तान्ही पोर आजीच्या पदरात आली. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, चिमी म्हणायचे. रंगनाथ येऊन बघून जायचा आणि मान खाली घालून परत जायचा. चिमी बोंडल्यानं शेळीचं दूध प्यायची. पोर गुटगुटीत होती, भूक दांडगी. तिच्याकडं बघून तरी सरजाबाईनं सावरायला हवं होतं. पण ती सावरेना. दुपार झाली की कामं टाकून उंबऱ्यात बसायची.

माझी आई तेव्हा पूर्णेला राहायची. वडील तिथं लोकोशेडमध्ये होते. बहिणीची दशा बघून आईच्याच तोंडून ते नाव निघालं. त्याची रुखरुख तिला शेवटपर्यंत होती, पण तेव्हा तिला बहीण वाचवायची होती.

नाव होतं मल्लम्माची मंडळी.

मंडळी म्हणजे चर्चच म्हणायचं, पण मिशनच्या चर्चसारखं नाही. मिशनचे लोक तर मल्लम्माच्या दारावरून जाताना मान फिरवायचे, ते आमच्यातलं नव्हे म्हणायचे. पूर्णेच्या मालधक्क्यामागं एक पत्र्याचं शेड. आत भिंतीवर चुन्यानं काढलेला मोठा क्रूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुया टोचलेली लिंबं. मल्लम्मा मूळची लिंगायत दुकानदाराच्या घरची. नवरा मेल्यावर म्हणे तिच्या स्वप्नात पांढऱ्या कपड्यातला माणूस आला आणि तिला भविष्य दिसायला लागलं. गळ्यात जिथं लिंगाची चांदीची डबी असायची, तिथं आता दोन खिळ्यांचा क्रूस होता. कपाळावर भस्माचे पट्टे मात्र तसेच. दर शुक्रवारी सकाळी ढोलकीवर येशूची गाणी व्हायची, बायका केस सोडून घुमायच्या, आणि मल्लम्मा एकेकीला पुढचं-मागचं सांगायची. हरवलेलं माणूस कुठं आहे ते सांगायची.

मेलेल्यांशी बोलणं करून द्यायची.

सरजाबाईनं नवऱ्याला सांगितलं, सगुणाकडं जाऊन येते. रेल्वेचा पास होताच. चिमीला कडेवर घेतलं आणि निघाली.

शेडमध्ये गर्दी होती. दोघी बहिणी मागं, दाराजवळ बसल्या. मल्लम्मापुढं एक काळं जाड पुस्तक उघडं होतं आणि ती त्यातल्या ओळींवर बोट फिरवत होती. आईनं नीट पाहिलं...

बोट खालच्या ओळीकडून वर चाललं होतं.

मग ढोलकी थांबली. मल्लम्मानं मान वर केली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून थेट सरजाबाईकडं पाहिलं.

"दुपारभर हाका मारल्या पोरीनं," ती म्हणाली. "तू नव्हतीस."

आई शपथेवर सांगायची, आम्ही तोवर कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. सरजाबाई जागच्या जागी कोसळली. चिमीला आईनं झेललं.

बाकीच्या बायका गेल्यावर मल्लम्मानं तिला जवळ बसवलं. चिमीला सत्यशीलाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं, त्याची चिंधी फाडून घेतली, पवित्र म्हणून ठेवलेल्या तेलात बुडवली, येशूचं नाव घेत जाळली. त्या नावाच्या मधे मधे ती आणखी कोणाची तरी नावं घेत होती. आईला ती ओळखू आली नाहीत. राख पुडीत बांधून दिली. उंबऱ्यावर टाक, म्हणाली. भर दुपारी दार उघडं ठेव. लेक एकदाच येईल. काय बोलायचं ते बोलून घे.

"निघताना ती तुला इचारील," मल्लम्मा म्हणाली. "तवा फकस्त जा म्हण. दुसरा शब्द नगं. जा म्हणलं की सुटली ती."

सरजाबाईनं मान हलवली. त्या घडीला तिला जीव दे म्हटलं असतं तरी तिनं मान हलवली असती.

पेडगावला परत आल्यावर, नागनाथ कामावर गेल्यावर, तिनं राख उंबऱ्यावर टाकली. चिमीला दुपट्यावर निजवलं. चिमी भुकेनं रडत होती, दूध चुलीवर तापत होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, वाड्यात कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं.

आधी शेळीनं चघळणं थांबवलं.

मग दुपारची पॅसेंजर आली. ती गाडी रोज घर हादरवून जायची. त्या दिवशीही फळीवरची भांडी थरथरली, पितळी ताटली सरकत सरकत कडेला आली...

पण गाडीचा आवाज आला नाही.

भांड्यांचाही नाही. सरजाबाईला वाटलं आपले कान गेले. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की चिमीपण गप्प झालीय.

मग अंगणात जोडवी वाजली...

तेवढाच आवाज होता जगात. दगडावर जोडव्यांचा.

सत्यशीला उंबऱ्यात उभी होती. अंगावर तेच हिरवं लुगडं, जाताना नेसवलेलं. डोक्याला फडकं गुंडाळून कान बांधलेले, बाळंतिणीचे बांधतात तसे. लोक मला विचारतात, पाय उलटे होते का. नव्हते. मावशीनं नीट पाहिले. तिच्याच लेकीचे पाय, टाचांना भेगा पडलेले.

"माय, तू कुठं गेली होतीस?"

सरजाबाईच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. परभणीला गेले होते, बाई. तुझ्या गोळ्या आणायला. गाडी उशिरा आली गं. तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही.

"मला वाटलं तू रागावलीस," सत्यशीला म्हणाली.

मग आत आली, चिमीजवळ बसली आणि तिला पदराखाली घेतलं. चिमी पिताना चुटूचुटू आवाज यायला लागला. सरजाबाई बघत राहिली. जे तिला आणखी कितीतरी दिवस बघायला मिळायला हवं होतं आणि मिळालं नव्हतं, ते तिच्यापुढं बसलं होतं. भीती? मी विचारलं होतं मावशीला. ती म्हणाली, पोटच्या पोरीची कसली भीती.

चिमी झोपल्यावर सत्यशीला उठली. दाराकडं गेली, वळली.

"येऊ का, माय?"

"ये, बाई. ये."

तोंडातून शब्द निघून गेला आणि मग सरजाबाईला मल्लम्माचं सांगणं आठवलं.

आता मला सांगा, कोणत्या मराठी आईनं दुसरं काही म्हटलं असतं? आपल्यात दारातून निघणारं माणूस कधी जाते म्हणतं का? येते म्हणतं. आणि त्याला कोणी जा म्हणतं का? ये म्हणतात. सत्यशीला झरीला निघायची तेव्हा दर वेळी एस.टी.च्या पायरीवरून हेच विचारायची, आणि आईकडून हेच उत्तर घेऊन जायची. जिभेला लागलेलं वळण ते. मल्लम्मानं सांगितलं होतं, ती विचारील. कोणत्या शब्दांत विचारील, ते मात्र सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेळीनं चघळणं थांबवलं...

आणि जोडवी वाजली.

पहिल्या दिवशी चूक झाली होती. दुसऱ्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं विचारलं तेव्हा काय म्हणायचं ते सरजाबाईला पक्कं आठवत होतं. तरी ती ये म्हणाली. तिसऱ्या दिवशीही ये म्हणाली. मग हा रोजचा नेमच झाला. सरजाबाई सकाळची कामं भराभर उरकायची, केस विंचरायची, दुपारची वाट बघत बसायची. वाड्यातल्या बायांना वाटलं, बरं झालं, बाई माणसात आली. नागनाथलाही बरं वाटलं. तो तिला चिडवायचासुद्धा, म्हणायचा सगुणाच्या घरचं पाणी मानवलं तुला.

माय-लेकी बोलायच्या. लेक फार बोलत नसे. कधी झरीचं विचारायची. कधी म्हणायची, माय, लय गार वाटायलंय. अशा उन्हात.

पण चिमीनं बोंडलं सोडलं.

आधी सरजाबाईच्या ते ध्यानातच आलं नाही. पोर रडत नव्हती, त्रास देत नव्हती. शेळीचं दूध तोंडाला लावलं की तोंड फिरवायची. पोट भरलेल्या लेकरासारखी गाढ झोपायची. आणि झिजत चालली होती. गाल बसले. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. डोळे तेवढे मोठे दिसायचे.

नागनाथ तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं सगळं तपासलं आणि विचारलं, लेकराला तुम्ही काही पाजता की नाही? नागनाथला ते फार लागलं. घरी येऊन त्यानं स्वतः बोंडलं हातात घेतलं आणि संध्याकाळभर पोरीच्या मिनत्या करत बसला. तिनं एक थेंब घेतला नाही.

याच सुमारास माझी आई पेडगावला आली. चिमीला उचललं तर हाताला वजनच लागलं नाही. दुपारी ती बहिणीबरोबर घरात होती. तिला काही दिसलं नाही. जोडवीसुद्धा ऐकू आली नाहीत. फक्त सगळं गप्प झालं, आणि बहीण उंबऱ्याकडं बघून हसली. थोड्या वेळानं तिनं चिमीकडं पाहिलं...

चिमीच्या ओठाच्या कडेला दूध होतं.

चूल थंड होती. बोंडलं कोरडं होतं.

"आक्का," आई म्हणाली, "तू कुणाला घरात घेतलीस?"

सरजाबाईनं तेव्हा सगळं सांगितलं. रडत नाही, लाजत नाही, अगदी सरळ. माझी पोर यायलीय, म्हणाली. येऊ दे की. तिच्या लेकराला तिनं पाजलं तर तुमचं काय जातंय? आईनं दोन्ही हातांनी चिमीला उचलून तिच्यापुढं धरलं आणि म्हणाली, हिचं काय चाललंय ते बघ तरी. सरजाबाईनं पाहिलं. जणू इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दोघी तशाच पूर्णेला गेल्या. मल्लम्मा शेडमध्ये एकटीच बसली होती. चिमीला बघताच ती उठून मागं सरकली. लेकरू आत आणू नका, म्हणाली. सरजाबाईनं तिचे पाय धरले. तूच बोलावलीस, तूच पाठव म्हणाली. मल्लम्मा जे बोलली ते माझ्या आईनं मला कितीदा तरी सांगितलंय, आणि सांगताना दर वेळी ती इकडं तिकडं बघायची.

"मी ज्याच्या नावानं बोलावते, तोच येतो का दुसरंच कोणी येतंय, हे मलाबी कळत न्हाई," मल्लम्मा म्हणाली. "आजवर सगळ्यांनी जा म्हणलं. ये म्हणणारी तू पहिली."

मी काही करू शकत नाही, म्हणाली. जिनं ये म्हटलं तिनंच जा म्हणायचं. आणि लवकर म्हणायचं, लेकरू थोड्या दिवसांचं सोबती आहे. एवढं बोलून ती भविष्य सांगणारी बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. आईला तिची सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हाच.

घरी आल्यावर सरजाबाईनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं तो हात उचलेल. त्यानं काही केलं नाही. बसून राहिला. आपल्यात असं काही नसतंय, एवढंच दोन-तीनदा म्हणाला, हळू आवाजात. मात्र दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही.

दुपारी तो बाजेवर बसला. सरजाबाई खाली, भिंतीला टेकून. चिमी दुपट्यावर. तिला आता मानसुद्धा वळवता येत नव्हती.

शेळी थांबली. गप्प झालं सगळं.

सरजाबाईला जोडवी ऐकू आली. लेक आत आली, बापाकडं बघून थोडी हसली, आणि चिमीजवळ बसली. नागनाथला काही दिसत नव्हतं. तो बायकोच्या डोळ्यांकडं बघत होता, ते जिकडं वळत होते तिकडं बघत होता. मग त्याची नजर चिमीवर गेली...

चिमीचे गाल हलत होते. ती पीत होती.

तो बाजेवरून उतरला. गुडघ्यांवर सरकत जवळ गेला. चिमीच्या ओठाच्या कडेला एक थेंब होता, तो त्यानं बोटावर घेतला. दूधच होतं. गार होतं, विहिरीच्या पाण्यासारखं.

"आलीय का?" त्यानं विचारलं.

सरजाबाईनं मान हलवली.

"मला दिसंना गं." आयुष्यभर भूत नाही म्हणणारा तो माणूस लहान लेकरासारखा रडायला लागला. "कशी हाय? बरी हाय का?"

"बरी हाय. कान बांधल्यात."

त्यानं रिकाम्या जागेकडं हात केला, सत्यशीला, बाळा, एवढंच म्हणाला. मग डोळे पुसले, चिमीच्या छातीवरून हात फिरवला. बोटांना बरगड्या लागल्या. तो बायकोला म्हणाला, म्हण आता. ही तरी राहू दे आपल्याला.

सत्यशीला उठली. दाराशी गेली. वळली.

"येऊ का, माय?"

मावशी सांगायची, त्या एका शब्दाला मला जेवढा जोर लागला तेवढा तिला जन्म देतानाही लागला नव्हता. तिनं चिमीकडं पाहिलं. परत लेकीकडं पाहिलं.

"जा," सरजाबाई म्हणाली. "जा, बाई. आता येऊ नगंस."

तुम्हाला वाटेल आता किंकाळी आली असेल, दारं आपटली असतील. तसं काही झालं नाही. सत्यशीला तशीच उभी राहिली. रागावली नाही. तिला शब्दच कळला नाही जणू, कारण आईच्या तोंडून तो तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं अंगणाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, परत आईकडं पाहिलं.

"कुठं जाऊ, माय?"

सरजाबाईनंही रस्त्याकडं पाहिलं.

झरीला जा म्हणावं, तर झरीत रंगनाथसाठी दुसरी मुलगी बघणं सुरू झालं होतं. नदीकाठच्या मातीत, जिथं पुरलं होतं तिथं जा म्हणावं, तर तिथं लय गार वाटतंय असं लेक रोज सांगत होती. मल्लम्माच्या मंडळीत स्वर्ग होता, पण तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून घेतलेल्यांचा होता. तिला त्यात कोण घेणार? आणि नवऱ्याच्या धम्मात तर आत्माच नव्हता, मग त्याला जायला जागा कुठली असणार? देव तर त्यानं कधीच नदीत सोडले होते. एवढ्या मोठ्या जगात लेकीला जा म्हणून सांगावं असं एक ठिकाण त्या बाईला आठवेना.

"काय म्हणली?" नागनाथनं विचारलं. "काय म्हणली ती?"

सत्यशीला उंबऱ्यात उभीच होती. उत्तराची वाट बघत होती.

"काही न्हाई," सरजाबाई म्हणाली. "गेली."

तेवढ्यात चिमी रडली. भुकेनं, घसा ताणून, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. नागनाथ ओरडला, दूध आण, दूध आण. सरजाबाई बोंडलं घ्यायला वळली. परत पाहिलं तर उंबरा मोकळा होता. कोणत्या बाजूला गेली ते तिला दिसलं नाही.

चिमी वाचली. आज तिला नातवंडं आहेत, आणि तिला यातलं कोणी काही सांगितलेलं नाही. मल्लम्मा त्या पावसाळ्यानंतर पूर्णेत कोणाला दिसली नाही. नागनाथ आणखी बरीच वर्षं जगला. मरताना शांत होता. लेक सुटली, हे त्यानं धरून ठेवलं होतं.

मावशी शेवटी शेवटी आमच्याकडं परभणीला राहायला होती. मी तेव्हा शाळेत शिकवायचे. एक दिवस दुपारी ती मला म्हणाली, तू शिकलेली हायस, मला एक सांग. त्या दिवशी मी कुठं जा म्हणाय पायजे होतं?

मी आपलं समजूत घालायला म्हटलं, मावशी, आता कशाला ते? ती गेली ना. सुटली.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं.

"गेली असं मीच सांगितलंय सगळ्याला," ती म्हणाली.